उलटीकडून प्रूफ

“आई, माउसवरचा हात काढ बघू आधी.”

“काढलाय. दोन्ही हात मांडीवर आहेत. तरी बाण हलतोय.”

“मग बाण कोण हलवतंय?”

“मला काय विचारतोस? तूच हलवतोयस ना तिकडून?”

फोनवर उदय जरा घुटमळला. “हां. मीच. मीच हलवतोय. तू फक्त हात लावू नकोस.”

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली, पण तो बाण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पांढरा, टोकदार, भिंतीवरच्या पालीसारखा सरसर सरकायचा. कॉम्प्युटर माझा, छापखाना माझा, खुर्ची माझी, आणि मी मांडीवर हात ठेवून पाहुणीसारखी बसलेली.

गारगोटीत माळवद्यांचा छापखाना कुणालाही विचारा. साऱ्या तालुक्याच्या लग्नपत्रिका आमच्याकडं छापलेल्या. आमचे हे गेले त्यानंतरही मी तो एक दिवस बंद ठेवला नाही. आणि त्या दिवशी छापायची होती ती पत्रिका खुद्द माझ्या मुलाची, उदयची. चार वाजता तेरदाळे, म्हणजे होणारे व्याही, येणार होते. पहिली पत्रिका देवाला, मग माणसांना. ती घेऊन तसेच जोतिबाच्या डोंगरावर जाणार होते. पावणेदोन वाजून गेले होते आणि माझ्याकडं देवापुढं ठेवायला एक कपटासुद्धा नव्हता.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी एक दुरुस्तीवाला येऊन कॉम्प्युटर ‘साफ’ करून गेला. इतका साफ, की त्यातली मराठी अक्षरंच गेली. पत्रिका उघडली तर ‘श्री जोतिबा प्रसन्न’च्या जागी कंस, डॉलर आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. आमची ऑपरेटर मालन बहिणीच्या बाळंतपणाला निपाणीला गेलेली. त्या दुरुस्तीवाल्याचा फोन बंद. शेवटी बंगळूरला उदयला फोन लावला, तर म्हणे, “काळजी करू नको. मी इथून तुझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो.”

“शिरतो म्हणजे?”

“तुला दिसतंय तेच मला इथं दिसेल. तुझा माउस मी इथून चालवेन. फक्त तिथं खिडकीत एक नंबर आलाय, तो वाच.”

मी जोडीजोडीनं वाचला. “एकोणऐंशी, त्रेसष्ट, अठ्ठेचाळीस, सदतीस आणि वर पाच.”

“एकोणऐंशी म्हणजे एटी-नाइन ना?”

“ऐंशीला एक कमी, ते एकोणऐंशी! तुझ्या बापाला तरी सांगत होते, पोराला इंग्रजी शाळेत घालू नका. घरचे आकडे घरात कळेनात.”

“अगं, म्हणजे सेव्हन्टी... सिक्स्टी...” तो अडखळला आणि मग एकदम, कुणीतरी कानात सांगितल्यासारखा म्हणाला, “हां, हां. सेव्हन नाइन. सिक्स थ्री.”

“कुणाला सांगतोयस?”

“स्वतःलाच. विसरू नये म्हणून.”

तेवढ्यात फोनमध्ये म्हैस हंबरली. चांगली दोनदा.

“उदय, तुमच्या ऑफिसात म्हशी पाळल्यात का रे?”

“बाहेर रस्त्यावर असतील,” तो म्हणाला. मला माझ्याच घाईत पुढचं सुचलं नाही, नाहीतर त्याच्या ऑफिसच्या दहाव्या मजल्यावर म्हैस ऐकू येते कशी, हे मी त्याला विचारल्याशिवाय सोडलं नसतं.

बाणाला काम येत होतं, हे मात्र मान्य करावं लागेल. चार खिडक्या उघडल्या, दोन मिटल्या, कुठूनतरी काहीतरी ओढून आणलं, आणि अर्ध्या तासात ती खिचडी एकदम निवळली. गणपतीखाली ‘श्री जोतिबा प्रसन्न’ उमटलं तेव्हा मी हात जोडले. आमचा मशीनवाला गुंडू मागं उभाच होता. तीस वर्षं आमच्याकडं, सगळ्या गोष्टीत तोंड घालायचा त्याला हक्कच होता.

“झालं न्हवं वहिनी? मग प्लेट करूया. मशीन धुऊन ठेवलंय.”

“झालं कुठलं? मुहूर्त बदललाय. तेरदाळ्यांच्या गुरुजींना काल रात्री नवा मुहूर्त सुचला. दुपार काढून गोरज घालायचा आहे. आणि स्नेहभोजनाची ओळ राहिलीय.”

फोनवर उदय म्हणाला, “ते मी... ते इथून टाकतो.”

बाण मुहूर्ताच्या ओळीवर जाऊन टेकला. उभी रेघ लुकलुकायला लागली आणि अक्षरं उमटली. अक्षरं कसली, किडेमुंग्या. खोडली, परत उमटली, परत किडेमुंग्या.

“आई, इथल्या कीबोर्डवरून मराठी येत नाहीये. तुलाच टाइप करावं लागेल.”

“मला?”

“का, येत नाही?”

आता हे मला कुणी विचारायचं नाही. ‘मला येत नाही’ हे वाक्य मी सासरी पाऊल टाकल्यापासून उच्चारलेलं नाही. शाळा माझी तिसरीत सुटली. पुढचं वाचायला मी छापखान्यात शिकले, शिशाच्या खिळ्यांवर. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. मी आधी उलटी अक्षरं शिकले, मग सुलटी. यांच्यामागं उभी राहून खण पाठ केले, कुठल्या खणात अर्धा ‘त’, कुठल्यात रफार. ज्या बाईनं ते केलं तिला तुमची ती बटणं काय सांगता?

“येतं,” मी म्हणाले आणि पुढं सरकले.

एका बोटानं टाइप करायला लागले. मी अक्षर दाबायचं आणि बाणानं मला पुढच्या ओळीवर नेऊन उभं करायचं, अशी आमची जोडी जमली. चुकून दोनदा दाबलं गेलं की बाण ते जास्तीचं अक्षर काळं करून दाखवायचा. मला असला राग यायचा!

“दिसतंय मला! आंधळी नाही मी. सांग त्या बाणाला.”

गुंडू हसला. “वहिनी, बाणाला शिव्या घालून त्यो ऐकतोय व्हय?”

‘सायंकाळी ६ वाजून ४२ मिनिटांनी’ आणि ‘मुहूर्तानंतर स्नेहभोजनाचा आस्वाद घ्यावा’ एवढ्या दोन ओळींना मला पाऊण तास लागला. बोट दुखलं, मान आखडली. तीन वाजले. आणि नेमकं तेव्हाच उदयनं तो विषय काढला.

“आई, ते स्वागतोत्सुकमध्ये... शेवटी एक ओळ मोकळी आहे बघ.”

होती. मालननं ठेवलेली. मुद्दाम ठेवली होती की काय, देव जाणे. सगळे काके, मामे, आत्या ओळीनं, आणि तळाला एक ओळ रिकामी.

“तिथं ताईचं नाव घालूया ना. अजून वेळ आहे. माझं लग्न आहे आई, सख्खी बहीण आहे ती माझी.”

“उदय, हे बोलणं मागं एकदा झालंय.”

“सात वर्षं झाली.”

“सत्तर होऊ देत! ज्या घरानं साऱ्या तालुक्याच्या पत्रिका छापल्या, त्या घरच्या लेकीनं बिनपत्रिकेचं लग्न केलं. कोर्टात जाऊन, चार सह्या ठोकून. लोक माझ्या तोंडावर विचारायचे, वहिनी, पोरीची पत्रिका नाही आली? काय सांगायचं मी त्यांना? कागद संपला होता? शाई संपली होती? तिनं आमच्या छापखान्याचं नाव पुसलं. आता माझ्या कागदावर तिचं नाव येणार नाही.”

बोलताना माझं लक्ष पडद्याकडं होतं. बाण इतका वेळ या ओळीवरून त्या ओळीवर नाचत होता. तो थांबला. लांब, कोपऱ्यात जाऊन थांबला, अंग चोरून.

“ऐकतोयस ना?”

“ऐकतोय,” उदय अगदी बारीक आवाजात म्हणाला. “बरं. राहू दे.”

“वहिनी,” गुंडू मागून म्हणाला, “प्रूफ वाचून घ्या, म्हंजे मी मोकळा. सव्वातीन झाल्यात.”

आमच्या छापखान्यात प्रूफ वाचायची एक रीत होती. ती यांची. सुलटं वाचत गेलं की डोळा मनातलं वाचतो, कागदावरचं वाचत नाही, असं यांचं म्हणणं. म्हणून प्रूफ उलटीकडून वाचायचं. तळाच्या ओळीचा शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा, असं करत वर गणपतीपर्यंत चढायचं. चूक सापडली की लाल पेन्सिलीनं तिच्याभोवती दोन वेढे, एक नव्हे. एक वेढा घाईत हुकतो, दुसऱ्यानं खात्री पटते, म्हणायचे. दुसऱ्या कुठल्या छापखान्यात असं कुणी करत असेल तर मला माहीत नाही.

मी चष्मा पुसत होते. परत डोळ्यावर चढवला तर बाण कोपऱ्यातून निघाला होता. तळाशी गेला. ‘विवाहस्थळ’च्या ओळीत शेवटच्या शब्दाखाली टेकला. मग त्याच्या डावीकडच्या शब्दाखाली. मग त्याच्या डावीकडच्या.

मी बघतच राहिले.

एक ओळ संपली, तो वरच्या ओळीच्या शेवटाला गेला. शेवटून सुरुवातीकडं, एकेका शब्दाला खालून हात लावत. स्नेहभोजन पार केलं. स्वागतोत्सुकच्या यादीत शिरला. रिकाम्या ओळीपाशी आला, आणि मला वाटलं आता थांबेल. थांबला नाही. तिथं कुणाचं काही नव्हतंच, असा सरळ वर गेला. आत्या, मामे, काके. मुहूर्ताच्या ओळीवर पोचला आणि ‘सायंकाळी’पाशी अडकला. मी ‘सायकाळी’ दाबलं होतं, अनुस्वार गळला होता.

बाणानं त्या शब्दाभोवती एक वेढा घातला. मग दुसरा.



उदयनं छापखान्यात कधी पाऊल टाकलं नाही. शाईच्या वासानं त्याचं डोकं चढायचं. उलटीकडून वाचणारी माणसं तीनच. एक फोटोत, हार घातलेली. एक मी. आणि तिसरी, शाळेतून आली की दप्तर फेकून बापाच्या शेजारी उंच स्टुलावर चढून बसायची, लाल पेन्सिल कानावर खोचून.

म्हैस, दुसऱ्यालाच सांगितल्यासारखे आकडे, ‘बाण कोण हलवतंय’, सगळं एकदम माझ्या टाळक्यात शिरलं. उदय गाडीत बसून गावाकडं निघाला होता आणि कॉम्प्युटरपुढं बसली होती ती. फोनवर दोघंही होती. म्हणजे मी सत्तर वर्षं म्हणाले ते तिनं ऐकलं. नाव येणार नाही, तेही ऐकलं. आणि ऐकून, मुकाट कोपऱ्यातून उठून माझं प्रूफ वाचायला बसली.

“आई? काय झालं? गप्प का?” उदय विचारत होता.

मी फोन बंद केला. तो लगेच वाजला. मी तो पालथा घातला.

“वहिनी?”

“गुंडू, चहा सांगून ये.”

“आता? साडेतीन...”

“जा म्हटलं ना!”

तो गेला. मी ‘सायंकाळी’चा अनुस्वार आधी घातला. काम ते काम. मग मी स्वतः माउस धरला आणि त्या रिकाम्या ओळीवर टेकवला. बाणानं ओढाताण केली नाही. सोडला मला.

तोंडानं मला काही बोलता आलं नसतं. माझ्या जिभेला एकच चाल ठाऊक आहे. ती उघडली असती तर शिवीच निघाली असती. म्हणून मी लिहिलं. ‘सौ.’ लिहिलं, टिंब दिलं, आणि अडले.

तिचं नाव ज्योत्स्ना. हे नाव तिच्या बापानं हौसेनं ठेवलं. ती झाली त्या महिन्यात छापखान्यात नवे खिळे आले होते, जोडाक्षरांचे. हे म्हणाले, सगळ्यात अवघड जोडाक्षर माझ्या लेकीला. मी जन्मभर जोसना म्हणत आले. खिळ्यांत मला ते जुळवता यायचं. बटणांत येईना. ‘ज’ दाबला, पुढं भलतंच आलं. खोडलं. ‘त’ मोडेना, ‘स’ ‘न’ला चिकटेना, पाय मोडलेली अक्षरं लंगडत ओळीभर पसरली. चारदा केलं, चारदा खोडलं. घड्याळ पुढं पळत होतं, बोट माझं घामानं बटणावरून सरकत होतं, आणि मुलीचं नाव, मीच नऊ महिने वाढवलेल्या मुलीचं नाव, मला लिहिता येईना.

बाण बाजूला उभा होता. मदतीला येत नव्हता. स्वतःचं नाव ती स्वतः घालणार नाही, हे मला कळलं. ती माझीच मुलगी आहे.

मग मी त्याच ओळीवर, माझ्या मुलाच्या पत्रिकेत, काका-मामांच्या खाली, एका बोटानं टाइप केलं: ‘मला येत नाही.’

मग बाण हलला.

आधी त्यानं माझं वाक्य काळं केलं आणि पुसून टाकलं. ‘सौ.’ तेवढं ठेवलं. मग तो वर तिथीच्या ओळीवर गेला. ‘ज्येष्ठ शुद्ध पंचमी’. त्यातला ‘ज्य’ तेवढा काळा केला, उचलला आणि आणून माझ्या ओळीवर ठेवला. परत वर गेला, जोतिबाच्या ‘जो’चा काना-मात्रा आणला. मग ‘स्वागतोत्सुक’मधला अर्धा ‘त’. मग खाली उतरून, मी पाऊण तास घालवलेल्या ‘स्नेहभोजना’तला ‘स्न’. बाप खणांवरून हात फिरवून खिळे वेचायचा, तसा वेचत होता तो बाण, ना घाई, ना चूक. शेवटी एक काना.

सौ. ज्योत्स्ना.

तिचं नाव त्या पत्रिकेत आधीपासून होतं. नुसतं विखुरलेलं.

बाण पुन्हा बाजूला जाऊन उभा राहिला. ‘व श्री.’ मी घातलं. आता पुढं तिच्या नवऱ्याचं नाव. ते नाव या घरात कुणी माझ्यापुढं काढलेलं नव्हतं. तिला वाटलं असणार, आई इथं अडणार. बाण जरासा पुढं आलाही.

मी अडले नाही. ‘किरण भीमराव खिलारे’, सबंध नाव, सासऱ्याच्या नावासकट, न थांबता लिहिलं.

कारण बिनपत्रिकेचं लग्न, हे मी सात वर्षं साऱ्या गावाला सांगितलं ते खोटं होतं. पत्रिका होती. तिनं स्वतः बसून रचली होती, या खुर्चीवर, आणि प्रूफ काढून माझ्या टेबलावर ठेवलं होतं. मुलगा परजातीचा, म्हणून मी त्या प्रूफानं तिच्यादेखत हाताची शाई पुसली आणि कागद कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी ती गेली. पण पुसण्याआधी मी ते वाचलं होतं. सवयच ती. उलटीकडून, तळापासून गणपतीपर्यंत. एकही चूक नव्हती.

बाण त्या नावाखाली टेकून राहिला होता. थोडा हलत होता, जागच्या जागी.

गुंडू चहा घेऊन आला. पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. चहा ठेवला आणि मशीनपाशी जाऊन उगाच फडकं मारत बसला.

पालथा घातलेला फोन अजून गुरगुरत होता. उचलला.

“आई! काय चाललंय काय? दहादा लावला फोन! चार वाजत आले, तेरदाळे गारगोटीत शिरले असतील. पाठवली का छपाईला?”

“नाही.”

“नाही? मग करतेयस काय तू?”

बाण तळाशी गेला होता. ‘विवाहस्थळ’च्या ओळीत, शेवटच्या शब्दाखाली टेकला होता आणि माझ्यासाठी थांबला होता. नवी ओळ घातली की प्रूफ पुन्हा पहिल्यापासून वाचायचं, हीसुद्धा यांचीच रीत.

“तेरदाळ्यांना म्हणावं बसा, चहा घ्या,” मी म्हणाले. “आणि तू ठेव फोन. आम्ही प्रूफ वाचतोय.”